सुखदेवा, कड साफ नव्हती

सुखदेवा,

गेल्या रविवारी विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाची सभा झाली. त्रिशरण-पंचशील झालं आणि मग एकेक जण उठून तुझ्याविषयी बोलू लागला. तुझ्या रेल्वेच्या गँगमधला जुना मेट, म्हणजे मुकादम, काठी टेकत उभा राहिला. म्हणाला, "माणूस सोन्यासारखा होता, पन भल्ला हट्टी. डाक्टरनं बलावलं, गेलाच नाही." लोकांनी माना हलवल्या. मग प्रशांत उठला. तुझा मुलगा मराठीत सुरू झाला आणि दुसऱ्याच वाक्याला हिंदीत गेला, तसा तो नेहमीच जातो. "बाबा तीन महीने बाद दूसरा स्कैन करा लेते तो आज यहीं बैठे होते. मेरी बस इतनी बिनती है, अपने घर के बुजुर्गों की ज़िद मत चलने दीजिए." त्याच्या आवाजात दुःखापेक्षा राग जास्त होता. तुझ्यावरचा राग.

मग माईक माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "सुखदेव माझा साडभाऊ. आम्ही दोघं नंदिनी नगरचे जावई." एवढं बोलून मी बसलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलं. तुझ्या सुमननं पाण्याचा पेला पुढे केला. तो मी प्यायलो.

तू हट्टी होतास, पण त्या बाबतीत नव्हतास. तू तर स्कॅनला जायला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात उभा होतास. तुला मी परत पाठवलं. हे तुला ठाऊक आहे. याच्यापुढचं जे आहे ते तुला ठाऊक नाही, आणि ते तुला सांगायला मला जवळजवळ एक वर्ष मिळालं होतं.

नीट सुरुवातीपासून सांगतो. आपली भांडणं नेहमी मधूनच सुरू व्हायची आणि मधेच थांबायची, म्हणून तर कधी कोणी जिंकलं नाही.

तू सुमनला पाहायला नंदिनी नगरला आलास तेव्हा मी थोरला जावई म्हणून खुर्चीवर बसलो होतो. सासरे चुनखडीच्या खाणीतून पाळी करून नुकते आले होते, त्यांच्या भुवयांवर पांढरी धूळ होती. त्यांनी मला सांगितलं होतं, पोरगा कसा आहे ते तुम्ही विचारा, तुम्ही शिकलेले. मी तुला विचारलं, काम काय करता? तू म्हणालास, रेल्वेत चाबीवाला आहे, रोज आपल्या हद्दीतल्या रुळावरून पायी चालतो, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या ढिल्या झाल्या की ठोकतो. मी जरा ताठून सांगितलं की मी रेल मिलमध्ये तपासणीवर आहे, मी पास केल्याशिवाय रूळ बाहेर जात नाही. तू चहाची बशी खाली ठेवलीस. "तुमी पास करता, तं मंग मले सरकार रोज कायले पाहाले पाठवते?"

सासरे एवढे हसले की त्यांना ठसका लागला. आत माझी शकून आणि सुमन दोघी बहिणी हसत होत्या, ते मला ऐकू आलं. लग्न तिथेच ठरलं, आणि त्या दिवसापासून तू मला नाव घेऊन कधी हाक मारली नाहीस. मी तुझा "पासवाले". काय पासवाले, जेवले का? अबे पासवाले, दार उघड. वयानं मी मोठा, नात्यानं मोठा, पण तुझ्या तोंडून "तुमी" फक्त त्या पहिल्या दिवशीच ऐकलं.

आपलं भांडण तेच राहिलं. मी म्हणायचो, आम्ही ध्वनिलहरी सोडून रुळाच्या पोटातलं पाहतो. आत खोट नाही म्हटलं की नाही. तू म्हणायचास, "पास म्हंजे त्या दिवशी पास. चाक फिरलं का त्याले उद्या पुन्हा विचारा लागते, कसा आहेस बापा म्हणून." मी म्हणायचो, हे अडाणीपण आहे. तू म्हणायचास, हे चालणाऱ्याचं शहाणपण आहे, बसणाऱ्याले नाही समजत. शकून मधे पडायची, की तुम्हा दोघांना रुळाशिवाय दुसरा विषय नाही का. नव्हताच. सेवानिवृत्त झाल्यावर दोघांनी हुडको कॉलनीत घरं घेतली, दोन गल्ल्यांचं अंतर, आणि रोज संध्याकाळी तोच विषय नव्यानं सुरू व्हायचा.

तू नोकरी सोडूनही चालणं सोडलं नाहीस. रस्त्यावरसुद्धा तुझी पावलं रुळाखालच्या स्लीपरच्या अंतरानं पडायची, आखूड, सारखी, आणि मान खाली. सुमन मागे राहायची आणि ओरडायची, "अजी, मी मालगाडी नोहो!" दिसेल ते बोटाच्या पेरानं ठोकून पाहायची तुला सवय होती. टरबूज, दरवाजा, माझ्या घराची भिंत. भिंत ठोकून तू म्हणालास, पासवाले, ठेकेदारानं तुले बनवलं, आतून पोकळ आहे. दोन पावसाळ्यांत तिथेच ओल आली.

शकून गेली तेव्हा तू माझ्यासाठी जे केलंस ते मी तुझ्या हयातीत कधी बोललो नाही. रायपूरच्या त्या हॉस्पिटलात ती आयसीयूत होती, आणि बाहेरच्या लोखंडी बाकावर आपण दोघं. तू मला धीर दिला नाहीस, देव-दैव काढलं नाहीस. फक्त दर थोड्या वेळानं म्हणायचास, "चाल, पाय मोकळे करू," आणि त्या लांब व्हरांड्यात मला फिरवून आणायचास. तिच्या मागे मी घरात गॅस पेटवणं बंद केलं तर तू एक दिवस पिशवीत बेसन, कांदे, हिरव्या मिरच्या घेऊन आलास आणि मला झुणका शिकवलास. पहिला झुणका खाऊन म्हणालास, "हा रिजेक्ट. पुन्हा कर." मी त्या दिवशी शकून गेल्यानंतर पहिल्यांदा हसलो. नंतर रात्रभर रडलो, ते वेगळं.

ही कृतज्ञता मी आधी लिहितोय कारण पुढे जे येतं त्यानंतर ती लिहायचा मला हक्क राहणार नाही.

त्या थंडीत तू माळ्यावरून गादी काढताना स्टुलावरून पडलास. डाव्या बरगडीला मार लागला. प्रशांतची ड्यूटी होती, म्हणून तुला घेऊन मी गेलो. इथल्या डॉक्टरनं स्कॅन काढायला लावला, बरगडीला बारीक चीर निघाली, पण ती जाऊ दे. उजव्या फुप्फुसात, वरच्या भागात, वाटाण्याहून लहान एक डाग निघाला. कोणी शोधत नव्हतं, तरी सापडला. छातीच्या डॉक्टरला दाखवा म्हणाले, आणि ते बसत होते रायपूरच्या त्याच इमारतीत, जिथे शकून गेली.

आत शिरताना माझे पाय जड झाले. तुझ्या ते लक्षात आलं. तू माझा दंड धरलास. पेशंट तू होतास आणि धरून मला नेत होतास.

डॉक्टरांनी तुझी छाती पुढून-मागून बोटांनी ठोकून पाहिली तेव्हा तू खूश झालास. "सायब, हे माझंच काम. आवाज कसा आला? टण का ठस?" डॉक्टर मराठी नव्हते, पण समजले. म्हणाले, "चाचा, अभी तो टण है." मग त्यांनी विचारलं, बिडी? तू म्हणालास, सोडली, नातीनं सोडवली. किती वर्षं ओढली? "जितकी वर्सं चाललो तितकी." घरात कोणाला टीबी? थोरल्या भावाला झाला होता, एकाच खोलीत झोपायचो. जुना एक्स-रे आहे का कुठला? तू म्हणालास, क्वार्टर बदलता बदलता कुठे गेला काय माहीत.

मग त्यांनी सांगितलं ते इतकं सोपं होतं की माझ्यासारख्या तपासणीवाल्याला पाठ व्हावं. म्हणाले, साठी-सत्तरीनंतर छातीत असे डाग पुष्कळांच्या निघतात. आपल्या देशात त्यातले कितीतरी जुन्या टीबीचे व्रण असतात, कधी झाला कधी बरा झाला माणसाला कळतसुद्धा नाही. पण वय जास्त, बिडी, आणि डाग वरच्या भागात, म्हणून मी याला सोडून देणार नाही. सुई घालायला हा अजून लहान आहे. नुसतं एकदा बघून वाईट की साधा हे सांगता येत नाही. जुनी फिल्म असती तर शेजारी ठेवून पाहिलं असतं. जितका होता तितकाच असेल तर व्रण, आणि वाढला असेल तर मग पुढचा विचार. जुनी नाही, तर आजचीच जुनी होऊ द्या. तीन महिन्यांनी या.

तू माझ्याकडे पाहून डोळा मारलास. मला त्या क्षणी कळलं नाही का ते. नंतर गाडीत म्हणालास, "पाह्यलं का पासवाले? डाक्टर माया पक्षाचा निघाला. आज पास, उद्या पुन्हा विचार."

तुला नर्सनं रक्त काढायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी मला थांबवलं. आप इनके कौन? मी म्हणालो, साडू. घरात मोठे आपणच का? मी हो म्हणालो. आपल्याकडे हे असंच चालतं, जे खरं ते आजाऱ्याच्या कानावर नाही, सोबतच्याच्या कानावर घालायचं. म्हाताऱ्या माणसाला कशाला घाबरवायचं. मलासुद्धा तेव्हा ते बरोबरच वाटलं. त्यांनी कॉम्प्युटरवर तुझा डाग मोठा करून दाखवला. गोल होता. पण एका बाजूनं त्याची कड साफ नव्हती. तिकडून दोन-तीन बारीक काटे बाहेर आले होते, गोखरूला असतात तसे. "ये किनारा मुझे अच्छा नहीं लग रहा. टीबी का भी हो सकता है, मैं डराना नहीं चाहता. पर इनको तीन महीने में लाना आपकी जिम्मेदारी."

मी म्हणालो, हो साहेब, नक्की.

गाडीत तू विचारलंस, "तुले मागून काय म्हणे?"

मी म्हणालो, "काही नाही. बरगडीला शेक द्या म्हणे."

आता माझ्या डागाचं. तुला माहीतच आहे, माझ्याही छातीत एक आहे. मिलमध्ये दरवर्षी एक्स-रे व्हायचा, त्यात तो दिसला होता, आणि आमच्याकडे मागच्या सगळ्या फिल्म ठेवलेल्या होत्या. डॉक्टरांनी त्या खिडकीला ओळीनं लावून पाहिल्या. डाग जिथे होता तिथेच, जेवढा तेवढाच, आणि खडूसारखा पांढरा. त्यात चुना साचलाय, म्हणजे तो मेलेला व्रण आहे, विसरून जा म्हणाले. मी तुला हे सांगितलं तेव्हा तुझा तो विनोद: "सासऱ्यानं नंदिनीचा चुना भरून देल्ला तुह्या छातीत, आंदण म्हणून. मले कावून नाही देल्ला? मी काय धाकला म्हणून?" सुमन तुला हातातलं फडकं फेकून मारत होती आणि आपण सगळे हसत होतो.

दोन म्हातारे, दोन डाग. माझ्यात चुना होता, तुझ्यात नव्हता. माझ्याला मागच्या फिल्मची साक्ष होती, तुझ्याला नव्हती. एवढाच फरक, आणि तो मला समजत होता. मी अडाणी नव्हतो. मिलमध्ये आमचा साधा नियम होता: शंका आली की खडूनं खूण करायची आणि पुन्हा तपासायचं. शंका असताना पास केलं तर त्याला आम्ही चूक म्हणत नव्हतो, त्याला बेइमानी म्हणत होतो.

तीन महिने झाले तेव्हा ऊन कडक तापलं होतं. प्रशांत कामासाठी विशाखापट्टणमला गेलेला. तू सकाळीच आलास, तो इस्त्रीचा शर्ट, खिशात कंगवा, हातात फिल्मची मोठी पिशवी.

"चाल, पासवाले. तारीख आहे आज."

मी अजून दाढीसुद्धा केली नव्हती. आदल्या दिवसापासून मला त्या व्हरांड्याचा वास येत होता. ते लोखंडी बाक, ते आयसीयूचं दार. तू गेलास तर मला जावं लागणार होतं, दुसरं कोणी नव्हतंच.

मी म्हणालो, "खोकला आहे का तुला?"

"नाही."

"वजन उतरलं?"

"सुमन म्हनते वाढलं."

"मग कशाला एवढ्या उन्हात? माझा डाग नाही का तसाच आहे इतकी वर्षं?"

तू पिशवीतून फिल्म काढलीस आणि माझ्या अंगणातल्या उजेडाकडे धरलीस. "तू सांग ना मंग पाहून. तुहीच तं उमर गेली यात."

मी चष्मा लावला. त्या लहान चौकटींत तो डाग जेमतेम ठिपक्याएवढा होता. काटे दिसत नव्हते. पण मला ते दिसण्याची गरज नव्हती, मी ते मोठे करून पाहिलेले होते. तू फिल्मकडे बघतच नव्हतास, माझ्या तोंडाकडे बघत होतास.

मी म्हणालो, "गोल आहे. पास."

आणि तू ऐकलंस! चाळीस-पंचेचाळीस वर्षांत माझं एक वाक्य तू भांडल्याशिवाय घेतलं नव्हतंस. झुणक्यात मीठ किती यावरसुद्धा वाद घातलास. त्या दिवशी म्हणायला हवं होतंस, पास म्हंजे त्या दिवशी पास, चाल, उद्याचं विचारून येऊ. तुझंच वाक्य होतं ते. मी त्याची वाट पाहत होतो, शपथ सांगतो, तू ते म्हणाला असतास तर मी दाढी न करताच निघालो असतो. तू फिल्म पिशवीत घातलीस आणि म्हणालास, "चहा तं टाक मंग."

तू का ऐकलंस? तुलाही भीती वाटत होती का? की माझे जड झालेले पाय तुला आठवले, आणि तू मलाच त्या इमारतीपासून वाचवलंस? हे तुला विचारायचं राहिलं. विचारायला गेलो असतो तर तुझ्यामागून डॉक्टर काय म्हणाले तेही सांगावं लागलं असतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पावसाळा गेला, पाठ दुखायला लागली. तू म्हणायचास, थंडीची धरली. मग खोकला, मग शर्टाची कॉलर मानेभोवती सैल. प्रशांत एक दिवस माझं-तुझं काही न ऐकता दोघांना गाडीत घालून घेऊन गेला. नवा स्कॅन झाला. वाटाण्याहून लहान होता तो लिंबाएवढा झाला होता, आणि मणक्यात उतरला होता. आता सुई घालण्याएवढा मोठा झाला होता, सुईही घातली, आणि आलं ते आलं.

डॉक्टरांनी जुनी आणि नवी फिल्म शेजारी शेजारी लावली. बघायला आता जुनी फिल्म होती. ते रागावले नाहीत. फक्त विचारलं, "तीन महीने में क्यों नहीं आए?" आणि विचारताना तुझ्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

माझं तोंड उघडायच्या आत तू बोललास. "मीच नाही आलो, सायब. मले नाही आवडत दवाखाना. हट्टी मानूस आहो." प्रशांत तुझ्यावर तिथेच ओरडला, "बाबा, आपने मुझे फोन तक नहीं किया!" तू मान खाली घालून बसलास, चालताना घालायचास तशी. मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत होतो. माझा गुडघा तुझ्या गुडघ्याला लागला होता.

त्या दिवशी हट्टी हे नाव तू स्वतःला लावून घेतलंस, माझ्यासाठी. तुला वाटलं असेल, यानं भाबडेपणानं सांगितलं, चुकला बिचारा, कशाला याला पोराच्या तोंडी द्या. मी भाबडेपणानं सांगितलं नव्हतं, सुखदेवा. तू माझी एक छोटी चूक झाकतोयस असं समजत होतास, आणि झाकलं गेलं ते फार मोठं.

त्यानंतर मी रोज यायचो ते तुला सांगायलाच. विश्वास ठेव किंवा नको. रोज घरून ठरवून निघायचो. तुझ्या खाटेशी बसलो की सुमन असायची, ती चहाला गेली की नात यायची, ती गेली की तुला ग्लानी यायची. हे सगळे बहाणे. आपण पुष्कळदा दोघंच असायचो. एकदा तर तूच मला बोलायला वाट करून दिलीस. पाठीला उशी लावून बसवलं होतं तुला, आवाज बसलेला. म्हणालास, "पासवाले, तुह्या डागाचं काय?"

"तसाच आहे."

"बरं हाय. एकाचा तरी खरा निघाला."

मी म्हणालो, "सुखदेवा..."

तू वाट पाहिलीस. खरंच पाहिलीस, डोळे माझ्यावर होते. मी म्हणालो, "उशी नीट करू का?" तू हसलास. म्हणालास, "कर." पुढच्या आठवड्यात तुला बोलता येईनासं झालं.

सभेनंतर दोन दिवस मी घरातच होतो. तिसऱ्या दिवशी प्रशांतला बोलावलं. त्याला सगळं सांगितलं, डॉक्टरांनी मला एकट्याला काय दाखवलं, ती कड, ते काटे, तुझा इस्त्रीचा शर्ट, माझं "पास". हिंदीतच सांगितलं, म्हणजे काही निसटायला नको. संपल्यावर त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले. "मौसाजी, आप बाबा को बचा रहे हो. मैं समझता हूँ." मी म्हणालो, नाही रे, खरं सांगतोय. तो म्हणाला, "बाबा ने ज़िंदगी में कभी आपकी एक बात मानी? पूरा हुडको जानता है. आप बोलते पास, तो बाबा तो ज़िद में उसी दिन जाते." आणि त्याला रडू फुटलं, माझ्या खांद्यावर. माझ्या! मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो आणि सांगत राहिलो की मी खोटं बोलत नाही, आणि जितकं सांगत गेलो तितका मी त्याला चांगला माणूस वाटत गेलो. जाताना माझ्या पाया पडला.

आपल्या भांडणांनी माझी साक्ष रद्द केली. आपण एकदा तरी कोणासमोर एकमेकांचं ऐकलं असतं तर आज तुझ्या मुलानं माझं ऐकलं असतं. आता तो आयुष्यभर तुझ्यावर रागावून राहील, आणि तुझ्या नातवंडांना सांगेल की आजोबा हट्टापायी गेले. ते मी लिहून खोडावं म्हणून हे लिहितोय. विहाराच्या मंडळाच्या अंकात तुझ्या फोटोखाली काहीतरी दोन शब्द द्या म्हणाले होते. हे दोन शब्दांत बसत नाही. छापलं तरी प्रशांत मराठी वाचत नाही.

काल सुमनकडे गेलो. ती अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मी पायरीवर बसलो आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. सुपातली तिची बोटं थांबली. प्रशांतसारखे तिनं माझे हात हातात घेतले नाहीत, आणि माझ्या चेहऱ्याकडे तिनं जे पाहिलं त्यावरून मला कळलं की हिला पटलं. एका माणसाला तरी पटलं. खोटं का बोलू, मला क्षणभर हलकं वाटलं.

मग ती म्हणाली, "भाऊजी, त्याईले सांगतलं होतं हे? ते होते तवा?"

मी म्हणालो, "नाही."

"रोज येत होते तुमी."

"हो."

"रोज येऊन बसत होते त्याईच्या जवळ, अन् नाही सांगतलं." तिनं सूप बाजूला ठेवलं. "मंग आता मले कावून सांगून राहिले?"

खरं उत्तर हेच की तुला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून तुझ्या मागे राहिलेल्यांना सांगत फिरतोय, कोणी तरी घ्या म्हणून. त्या बाईनं नवरा गमावला, आणि मी तिच्या पदरात वर हे टाकलं.

मी उठलो. चप्पल घातली. शकूनशी लग्न झालं तेव्हापासून मी तिच्या माहेरच्या माणसांच्या उंबऱ्यातून शेकडो वेळा निघालो असेन. आपल्यात निघणाऱ्याला कोणी "जा" म्हणत नाही, "या" म्हणतात. सुमननं मला आयुष्यभर "या, भाऊजी" म्हटलं आहे. शकूनला पोचवून परतलो त्या दिवशीसुद्धा.

मी फाटकाशी थांबलो.

"जा तुमी आता," ती म्हणाली.